गणतीत न आलेली वाडी

(सुपा येथे कार्यकर्ते व शिक्षक यांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

आपण मला ‘आपल्या गावाचा इतिहास आणि लोकसंख्या’ या विषयावर बोलायला सांगितले. मी इतिहासकार नाही, संख्याशास्त्रज्ञही नाही. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, आणि शिक्षकाच्या वाट्याला येणारे जनगणनेचे काम १९८१ आणि १९९१ अशा दोन वेळा केले, एवढाच माझा या विषयावरील अधिकार. माझा जन्म सुप्यापासून थोड्या अंतरावरील एका वाडीत झाला. वाडीचे नाव सांगत नाही. सांगितले तरी ते आपल्याला जनगणनेच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. ते का सापडणार नाही, हेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. सुप्याचे नाव घेतले की जाणकार माणूस लगेच १८७५ च्या शेतकऱ्यांच्या उठावाची आठवण काढतो. १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या दुकानांवर आणि कर्जखतांवर शेतकरी चालून गेले, ते सुपे पुणे जिल्ह्यातले, आजच्या बारामती तालुक्यातले. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपेही तेच. आपले सुपे पारनेर तालुक्यातले, नगर-पुणे रस्त्यावरचे. नावाच्या साधर्म्यावरून दुसऱ्याचे मोठेपण आपल्या पदरात पाडून घेऊ नये. परंतु ज्या कारणांनी ते सुपे पेटले, ती कारणे आपल्याकडेही होती. तो उठाव नगर जिल्ह्यात पसरला तेव्हा पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि आपल्या नगर अशा चार जिल्ह्यांना लागू झाला. आपल्या पूर्वजांचा सरकारी दप्तरात जो काही उल्लेख झाला, तो बराचसा कर्जदार म्हणून झाला.

आपल्या तालुक्याचा म्हणून जो इतिहास सांगितला जातो तो वाड्यांचा आहे. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे, पळशीला होळकरांच्या पदरी असलेल्या पळशीकरांचा वाडा आहे. त्यांचे दगडी काम पाहायला माणसे येतात आणि ते पाहण्यासारखेच आहे. परंतु मराठीत ‘वाडा’ आणि ‘वाडी’ हे शब्द इतके जवळ असताना वाड्याचा इतिहास लिहिला गेला आणि वाडीचा लिहिला गेला नाही. वाड्याला दगड वाहून आणणारी माणसे कोठे राहत होती, किती होती, दुष्काळात त्यांतली किती उरली, याची नोंद कोणी ठेवली नाही.

माणसे मोजण्याचे काम आपल्याकडे इंग्रजी अमलात सुरू झाले. १८७२ साली पहिली गणती झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी साऱ्या देशाची एकाच वेळी झाली. १८८१ मध्ये आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास भरली. ती १८७२ पेक्षा कमी होती. या दोन गणत्यांच्या मध्ये १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. १९०१ साली संख्या ८,३७,६९५ होती आणि तीही मागील दशकापेक्षा घटलेली होती. कारण पुन्हा दुष्काळ. १९११ ते १९२१ या दशकात ती आणखी एकदा घसरली, कारण १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा आणि त्याच्या मागेपुढे आलेली अवर्षणे. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ झाली. आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. जनगणनेचे रकाने वरवर रुक्ष दिसतात. पण जेथे आकडा खाली जातो तेथे थांबून वाचले, तर तेथे चुली विझलेल्या असतात. पावसाने पाठ फिरवली की आपल्या भागात माणसांची संख्या बदलते, ही गोष्ट दीडशे वर्षांपासून कागदावर आहे.

आता वाडीकडे येऊ. जुन्या गावरचनेत पांढरी आणि काळी असे दोन भाग होते. पांढरीवर वस्ती, काळीत शेती. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे जातीने ठरलेले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून त्या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले. पुढे विहिरी झाल्या, विहिरींवर इंजिने आली, मग विजेच्या मोटारी आल्या. राखणीसाठी आणि पाणी देण्यासाठी माणूस रात्री मळ्यात राहू लागला, छपराचे घर झाले, घराची वस्ती झाली. अशा रीतीने आडनावांच्या वस्त्या, मळे आणि वाड्या गावापासून दोन-दोन, तीन-तीन मैलांवर पसरल्या. काही वाड्या त्याहून जुन्या. धनगरांच्या, ठाकरांच्या, वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांच्या. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला. तो योग्यच होता. परंतु पाटीवरचे नाव बदलले म्हणजे पाण्याची टाकी त्या दिशेला सरकते, असे नाही.

जनगणनेच्या दृष्टीने ग्रामीण भागातील मोजणीचे एकक आहे महसुली गाव. त्या गावाच्या शिवेत दहा वाड्या असोत की पंधरा, त्या साऱ्यांची माणसे एकाच बेरजेत जातात. बेरीज चुकीची नसते. पण बेरजेतून वाडी पुन्हा वेगळी काढता येत नाही.

१९८१ चा माझा अनुभव सांगतो. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. फेब्रुवारीच्या ९ तारखेपासून २८ तारखेपर्यंत घरोघर जाऊन माणसे लिहायची होती. योगायोगाने माझ्या वाट्याला आलेल्या भागात माझी स्वतःची वाडी होती. साठ-एक घरे, तीन-साडेतीनशे माणसे. माझ्या घरी गेलो. आईचे नाव लिहिले, धाकट्या भावंडांची नावे लिहिली. आई म्हणाली, “आन् तुझ्या दादांचं नाव?” मी म्हटले, “दादा मुंबईला आहेत, ते तिकडं मोजले जातील.” वडील गिरणीत होते. आईने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “घर त्यांचं, जमीन त्यांच्या नावावर, आन् माणूस तेवढा मुंबईचा?” नियम माझ्या बाजूचा होता. मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नाही तो घरी मोजायचा नाही, जेथे असेल तेथे मोजायचा. नियमात खोट नव्हती. परंतु आईच्या प्रश्नाचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

त्या वाडीत प्रत्येक दोन घरांआड एक माणूस मुंबईत होता. पारनेर तालुक्याने मुंबईला गिरणी कामगार दिले, माथाडी दिले, हमाल दिले. आपल्याकडे ‘मुंबईकर’ म्हणजे मुंबईत जन्मलेला नव्हे. ज्याची मनीऑर्डर येते तो मुंबईकर. निवडणूक आली की त्याला गाडी पाठवून आणतात. पाण्याची योजना आखताना त्याला मोजत नाहीत.

आणखी पाहा, मोजणीचा महिना फेब्रुवारी. त्या महिन्यात आपल्या दुष्काळी पट्ट्यातले ऊसतोडणी कामगार कोठे असतात? कारखान्याच्या तळावर, कोपीत. ढवळपुरीकडचे मेंढपाळ कोठे असतात? दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात गेलेले असतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. नगर जिल्ह्याच्या उत्तरेला १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तिकडे माणसे येतात, दक्षिणेकडून माणसे जातात. जेथे पाणी जास्त तेथे फेब्रुवारीत माणसे जास्त आणि जेथे पाणी कमी तेथे माणसेही कमी मोजली जातात. मग कमी माणसांसाठी कमी योजना होतात, आणि कमी योजनांमुळे आणखी माणसे निघून जातात. यात कोणी एक माणूस दुष्ट आहे असे नाही. व्यवस्था अशी बसली आहे की अन्याय करण्यासाठी कोणाला दुष्ट व्हावेच लागत नाही.

एक कबुलीही मला दिली पाहिजे. नियमाप्रमाणे २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर माणसे मोजायची होती. आमच्या ओढ्याच्या पलीकडे चार दिवस भटक्यांची पालं पडली होती. त्या दिवशी मी सकाळपासून हिंडून दमलो होतो. रात्री जेवून अंथरुणावर पडलो आणि मनाशी म्हटले, पहाटे उठून जाऊ. पहाटे गेलो तर ओढ्याकाठी तीन दगडांच्या चुली आणि राख होती. ती माणसे पुढच्या गावी मोजली गेली असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती मोजली गेली नसणार, हे मला त्या दिवशीही कळत होते. त्यात लहान मुले होती. इतर अनेक मोठमोठ्या प्रश्नांवर मी भाषणे केली. परंतु या देशाची लोकसंख्या माझ्या आळसामुळे दहा-पंधरा माणसांनी कमी लिहिली गेली, हे मी आज प्रथमच चारचौघांत सांगतो आहे.

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. काही महिन्यांतच आमच्या वाडीत मुंबईकर पेट्या-वळकट्यांसह परतू लागले. १९८१ च्या बेरजेत जे नव्हते ते आता भाकरीच्या वाटणीत आले. त्यांतले अनेक पुन्हा गिरणीत गेले नाहीत. माझे वडीलही गेले नाहीत. त्या वर्षांत वाडीची माणसे वाढली, विहिरीचे पाणी तेवढेच राहिले. या वाढीची नोंद घ्यायला १९९१ उजाडावे लागले, आणि तोपर्यंत पुढची पिढी भोसरी-पिंपरीला कामाच्या शोधात निघूनही गेली होती.

पुढे २००० साली केंद्राची ग्रामीण रस्त्यांची योजना आली. तिच्यात एक चांगली गोष्ट होती. महसुली गाव सोडून वस्ती हे एकक तिने धरले होते. सपाट प्रदेशात पाचशे लोकसंख्येची वस्ती पात्र. डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी भागात अडीचशेची. दुष्काळी पठारावरील वाडी यांपैकी कशातच बसत नव्हती. आमची वाडी पाचशेला कमी पडली. कमी पडली याचे दुःख आहेच; पण अर्ज घेऊन गेलो तेव्हा ती नेमकी किती आहे, हे सांगणारा एकही अधिकृत कागद आमच्यापाशी नव्हता, याचे दुःख अधिक आहे. १९८१ चा आकडा माझ्या आठवणीत होता. आठवणीला शिक्का नसतो.

हे दुखणे आपलेच आहे असे समजू नका. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही अंतर्भागातील शेतकरी वाड्या ओस पडत गेल्या. यंत्रे आली, शेते मोठी झाली, माणसे शहरांकडे गेली. आधी शाळा बंद झाली, मग पोस्ट, मग दुकान. परंतु तेथील जनगणना खात्याने एक गोष्ट केली आहे. ज्या वस्तीला स्वतःची नगरपालिका नाही, कायद्याने वेगळे अस्तित्व नाही, पण लोक जिला एका नावाने ओळखतात, अशा वस्त्यांपैकी अनेकांच्या सीमा आखून त्यांची लोकसंख्या वेगळी छापण्याची पद्धत तेथे १९५० पासून आहे. त्यामुळे एखादी वाडी ओस पडत असेल तर निदान ती ओस पडते आहे हे कागदावर दिसते. भांडवलशाहीने रिकामी केलेली वाडी भांडवलशाही देशाचे दप्तर मान्य करते आणि समाजवादी समाजरचनेच्या घोषणा केलेल्या आपल्या देशात ती बेरजेत बुडते, याची आपल्याला थोडी लाज वाटली पाहिजे.

आता आजच्या सुप्याकडे पाहू. एके काळी एस. टी. चहापाण्यापुरती थांबायची ते हे गाव. आज येथे औद्योगिक वसाहत आहे, जपानी उद्योगांसाठी राखलेले क्षेत्र आहे. आजूबाजूच्या शिवारांतील जमिनी त्यासाठी गेल्या. याच तालुक्याच्या गावी, पारनेरला, १८८० साली सेनापती बापट जन्मले. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन धरणाखाली जाऊ नये म्हणून ते लढले आणि तुरुंगात गेले. उद्योग नकोत असे मी म्हणत नाही. कोरडवाहू बाजरीवर आयुष्य काढलेला माणूस असे म्हणू शकत नाही. परंतु ज्याची जमीन गेली तो शेतकरी आणि त्या जमिनीवर कंत्राटावर राबायला बाहेरून आलेला कामगार, या दोघांची आज गावात मोजदाद काय आहे, हे विचारण्याचा हक्क सेनापतींच्या तालुक्याला आहे.

त्या कामगारांच्या खोल्या आपण पाहिल्या आहेत. एका खोलीत पाच-सहा माणसे. कोणी मराठवाड्यातला, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातला. ती येथे पाणी पितात, येथे आजारी पडतात, येथील दुकानदाराचा धंदा त्यांच्यावर चालतो. पण ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतील माणसे, आणि त्यांचे नाव दूरच्या यादीत. काल आमचे वडील परळच्या खोलीत जसे होते, तसेच हे आज आपल्या सुप्यात आहेत. आपल्या माणसांना मुंबईने ‘बाहेरचे’ म्हटले तेव्हा आपल्याला काय वाटले होते, हे त्यांना खोली भाड्याने देताना आणि त्यांच्यावर आवाज चढवताना आपण आठवले पाहिजे.

कोणी विचारील, मोजल्याने काय होते? मोजल्याने पाऊस पडत नाही हे खरे. परंतु आपल्या शेजारीच राळेगणसिद्धी आहे, तेथे १९७५ नंतर पाणी अडवण्याचे काम उभे राहिले. नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे, तेथे १९८९ पासून तेच झाले आणि बाहेर गेलेली कुटुंबे गावी परत आली. १९७२ च्या दुष्काळात आपण खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्यातून रोजगार हमीचा विचार कायद्यापर्यंत गेला. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. लोकांनी आधी आपल्या गावाचा हिशेब स्वतः मांडला. पाणी किती, जमीन किती, हात किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगावे लागते.

मित्रहो, २०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून ती होणार असे सरकारने जाहीर केले आहे, आणि तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. त्याआधी एक काम आपण करावे, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक वाडीने एक वही घालावी. घरे किती, माणसे किती, बाया किती, मुले किती. बाहेर कोण गेले आहे, कोठे, आणि वर्षातून किती महिने. भाड्याने कोण राहते. विहिरी किती, उन्हाळ्यात त्यांना पाणी किती दिवस. वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला वाडी कधी आणि का वसली हे विचारावे आणि ती सांगेल तसे लिहावे. ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि तिच्या इतिवृत्तात तिची नोंद करून घ्यावी. मग जो आकडा येईल त्याला निदान ग्रामसभेचा शिक्का असेल.

एक पथ्य मात्र पाळावे. ही मोजणी कोणाला हुसकावण्यासाठी होऊ नये. ‘आमचे किती आणि त्यांचे किती’ असा हिशेब घालणारी गणती मी पाहिली आहे. तिने माणसे जवळ येत नाहीत. आपली वही ‘कोणाच्या घरी पाणी पोचले नाही’ एवढ्यासाठी असावी.

आणि त्या वहीचे शेवटचे पान पालांसाठी कोरे ठेवा. गावाच्या कडेला कोणी उतरले की त्याच संध्याकाळी जाऊन लिहा. सकाळपर्यंत थांबू नका.